मानेचे केस

"काय भादरायचं ते भादर, पर मानंला हात लावू नगस," बायडाबाई म्हणाली होती.

यशोधरा तेव्हा हसली होती. "आजी, केसच आहेत. महिन्याभरात परत येतील." असं म्हणून तिनं मेंढरांची लोकर कातरायची ती दणकट कातर पिशवीत टाकली आणि माळावरून खाली उतरली. म्हातारी उंबऱ्यात बसून बघत राहिली.

कुत्र्याचं नाव अस्वल. तांबूस, अंगानं भलं मोठं, आणि मानेवर असे केस की कुत्रं कुठं संपतं आणि केस कुठं सुरू होतात हे कळू नये. ते बायडाबाईच्या मुलाचं, म्हाळूचं. पाऊस दोन वर्षं दडी मारून बसला तसा म्हाळू बायकोसह मेंढरं घेऊन उसाच्या भागाकडं निघून गेला. म्हातारीचे गुडघे चालत नव्हते आणि अस्वलाचंही वय झालं होतं, म्हणून माळावरच्या पत्र्याच्या घरात ती दोघं मागं राहिली. मोबाइल द्यायला म्हाळू तयार होता. "बटणं दिसत न्हाईत मला, कशाला उगं," म्हणून तिनंच नको म्हटलं.

तिची रीत वेगळी होती. अस्वल रोज सकाळी माळाखाली यशोधराच्या दारात भाकरीला यायचं. म्हातारीला काही हवं असलं की ती त्याच्या मानेच्या केसांत चिंधी बांधायची. पांढरी म्हणजे पाणी संपलं. लाल म्हणजे तू स्वतः ये. गळ्यात दोरी किंवा पट्टा बांधायला त्यांच्या घरात मनाई होती. काट्यात अडकलं तर कुत्रं तडफडून मरतं, असं म्हणायची. चिंधी केसांत असली की फार तर चार केस तुटतात.

यशोधराचा नवरा भारत दूध सोसायटीत कामाला. सोसायटीनं चौसाळ्याच्या बाजूला चारा छावणी उघडल्यापासून तो तिकडंच राहत होता, आठवड्यातून एकदा घरी. टँकर चार दिवसांनी यायचा. त्यातल्या दोन घागरी यशोधरा शेजारच्या पोरींना हाताशी घेऊन माळावर पोचवायची. तिला ते जड वाटत नव्हतं. घरात सात महिन्यांची लेक मैत्री, आणि दिवसभर बोलायला माणूस नाही. बायडाबाई तिला मास्तरीणबाई म्हणायची. "मास्तरीणबाई, पंधरा वर्सं शिकलीस आन् लेकराला टोपडं उलटं घातलंस व्हय गं?"

मग एका दुपारी मैत्रीच्या मांडीवर गोचीड सापडला. मसुराएवढा, रक्त पिऊन तट्ट फुगलेला. बी.एस्सी.ला गोचिडावर एक अख्खं प्रकरण होतं, त्यातला प्रत्येक ताप यशोधराला त्या रात्री आठवला. सकाळी तिनं अस्वलाची मान चाचपली तर बोटांना नुसते दाणेच दाणे लागले. धुवायचं म्हटलं तर पाणी कुठून आणणार? म्हणून कातर.

ओट्यावर पोतं अंथरून तिनं त्याला आडवं केलं. गुळाचा खडा चाटायला दिला. पोटाखालचे केस आधी, मग पाठ, मग शेपटीतले गोखरू. गोचीड चिमट्यानं उपटून रॉकेलच्या वाटीत टाकले. अस्वल गरीब जनावर, नुसतं कण्हत पडलं होतं. मानेपाशी आल्यावर ती थांबली. म्हातारीचं बोलणं आठवलं. पण सगळ्यांत जास्त गोचीड तिथंच होते. पाळण्यात मैत्री हात नाचवत होती. यशोधरानं कातर लावली.

चिंधीचा विचार तिनं केला नाही असं नाही. जुन्या ओढणीची पट्टी फाडून तिनं त्याच्या गळ्यात सैल बांधली आणि शेजारच्या एका पोरीकडून वर निरोप धाडला, चिंधी या पट्टीला बांधा म्हणून. टँकरचं पाणी आदल्याच दिवशी पोचवलं होतं. पुढचा टँकर येईपर्यंत काळजी नव्हती.

दुसऱ्या सकाळी अस्वल आलं तेव्हा गळ्यात पट्टी नव्हती. बाभळीला घासून काढली असणार. त्याच्या पाठीवर काळं फासलेलं होतं. "कुठल्या चुलीत लोळून आलास रे?" ती म्हणाली. उघड्या कातडीला कातरीचे ओरखडे होते, त्यात काजळी जायला नको, म्हणून तिनं खोबरेल तेलात फडकं बुडवून ते काळं नीट पुसून काढलं. हळद लावली. भाकरी दिली तर त्यानं तोंड लावलं नाही. तिच्या साडीचा काठ दातांत धरून ओढला. "आग होते होय, बघू," म्हणून तिनं पुन्हा तेल लावलं. ते अंगणाच्या टोकापर्यंत जाऊन थांबलं, मागं बघत राहिलं. मैत्री रडायला लागली तशी यशोधरा आत गेली.

संध्याकाळी बायडाबाई आता एकटीच चूल फुंकत असेल, असं तिच्या मनात येऊन गेलं. उद्या जाऊ, म्हणाली.

तिसऱ्या सकाळी अस्वल पुन्हा आलं. पुन्हा पाठीवर काळं. फडकं तिच्या हातातच होतं. तेल लावायला ती वाकली आणि तिथंच थांबली. काळं फिकट होतं, फरफटलेलं होतं, पण त्यात चार बोटं होती. बाजूला अंगठा होता. मानेवर केस नाहीत म्हणताना म्हातारीनं तव्याच्या बुडाची काजळी हाताला लावून हाताचा पंजाच त्याच्या पाठीवर उठवला होता. काल उठवलेला पंजा यशोधरानं स्वतःच्या हातानं पुसला होता, वरून हळद लावून.

मैत्रीला कडेवर घेऊन ती माळ चढली. अस्वल पुढं, दहा पावलांवर थांबत.

बायडाबाई चुलीपाशी पडलेली होती. खुबा मोडला होता. पाण्याच्या घागरी दाराशी, चार हातांवर, भरलेल्या. तिथवर तिला सरकता आलं नव्हतं. जवळ एक तांब्या, कोरडा. ओठ चिरलेले. डोळे उघडे होते. यशोधरानं पदर भिजवून ओठांना लावला, तेव्हा ती काहीतरी पुटपुटली.

"काय आजी?"

"बांधायला... जागाच न्हाई ठिवलीस गं."

रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं. ती सांगत होती फक्त, दोन दिवस का लागले ते.

सोसायटीचा टेम्पो दुधाचे कॅन घेऊन निघायच्या बेतात होता. शहादेव ड्रायव्हरनं कॅन उतरवले, म्हातारीला घोंगडीत घालून माळावरून खाली आणलं आणि टेम्पोत निजवलं. पाटोद्याच्या डॉक्टरांनी बीडला न्यायला सांगितलं. यशोधरा तिथवर सोबत गेली, केसपेपर काढला, पत्त्याच्या जागी स्वतःच्या घराचा पत्ता दिला. मैत्रीला त्या वॉर्डात रात्रभर ठेवू देईनात, म्हणून परतली. त्यानंतर एकदा जाऊन आली. आता मैत्रीला खरंच ताप आहे, भारतला छावणीतून सुट्टी नाही, आणि म्हाळूचा फोन लागत नाही. अस्वल भाकरी खात नाही. दारात पडून असतं. यशोधरा रोज त्याच्या मानेवरून हात फिरवून बघते. खुंट बोटाला टोचतात, इतकेच आलेत अजून.

तिला स्वतःला उठून जाता येत नाही, म्हणून हे वाचणाऱ्याला तिची विनंती आहे. बीडला तुमचं काही काम निघालं, तर सरकारी दवाखान्यात बायकांच्या वॉर्डात जा. दारापासून तिसरी खाट. म्हातारी आपणहून बोलणार नाही, काही मागणारही नाही. बायडाबाई म्हणून हाक मारा. अस्वल जिवंत आहे एवढं सांगा. आणि निघताना तिच्या उशाशी तांब्या आहे का, त्यात पाणी आहे का, आणि तिचा हात तिथवर पोचतो का, तेवढं बघून या.