रंगाचे दोन हात

पुलाचा चढ संपता संपता इंजिनाने दोन आचके दिले, एकदा खोकलं आणि गप्प झालं. मुलीने गिअर काढला आणि आहे त्या वेगावर गाडी घरंगळू देत रस्त्याच्या कडेला, बेकरीसमोर नेऊन उभी केली.

"बघा काका. अगदी अशीच पडते. हूं नाही की चूं नाही."

शेजारच्या सीटवर बसलेल्या मिस्त्रींना उलट बरं वाटलं. दुखणं निदान डोळ्यांसमोर तरी आलं. एरवी ही पिकअप मोठी लबाड. गॅरेजात उभी करून चालू ठेवली, तर तासभर धडधडत राहायची; रस्त्यावर काढली की थोड्या अंतरावर मान टाकायची. नव्या गॅरेजवाल्याने प्लग बदलले, फिल्टर बदलला, पेट्रोलचा पंपही बदलला. भला माणूस होता. शेवटी त्यानेच मुलीला सांगितलं होतं, "हिला जन्मभर ज्यांनी सांभाळलंय, त्यांनाच विचारा."

मिस्त्रींनी गॅरेज बंद करून वर्ष होऊन गेलं होतं. हत्यारांची पेटी पलंगाखाली सरकवली होती. पण मुलगी दारात येऊन म्हणाली, "काका, संध्याकाळी गिऱ्हाईक येतंय. चालती असेल तर नेतो म्हणालाय. नाहीतर भंगारवाला आहेच." तेव्हा त्यांनी चहाचा कप तसाच खाली ठेवला आणि पेटी ओढून बाहेर काढली.

कारण गाडी त्यांच्या दोस्ताची, या मुलीच्या बाबाची होती. दोस्त काचवाला. मागे लाकडी घोडी बसवलेली, तिला उभ्या काचा टेकवून तो गावभर पोचवायचा. त्याच्याइतकं हळू कुणी गाडी चालवत नसे. सायकलवाले मागून येऊन पुढे निघून जायचे. मिस्त्री चेष्टेने म्हणायचे, "तू खड्ड्याला आधी नमस्कार करतोस, मग विचारून पुढे जातोस." तो हसायचा आणि म्हणायचा, "म्हातारी आहे ती. म्हातारीला दणके देतं का कुणी?" गाडी नवीकोरी होती तेव्हापासून तो तिला म्हातारीच म्हणायचा. पुढे ती खरंच म्हातारी झाली. तो मात्र स्वतः म्हातारा व्हायच्या आधीच गेला. आता दुकान बंद होतं आणि मुलीला नोकरीसाठी दुसऱ्या गावी जायचं होतं.

मिस्त्रींनी बॉनेट उघडलं. वाफ नाही, गळती नाही. कॉइलला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं.

"ही तापतेय. तापली की ठिणगी मरते, गार झाली की पुन्हा चालू." त्यांनी बाटलीतल्या पाण्याने फडकं भिजवून कॉइलभोवती गुंडाळलं. थोड्या वेळाने मुलीने किल्ली फिरवली आणि गाडी शहाण्यासारखी चालू झाली.

"सापडलं?" मुलीचा चेहरा उजळला.

"असं वाटतंय. चल, शाळेवरून घे. तुझ्या बाबाचा रस्ता."

शाळेच्या वळणावर मुलीने वेग कमी केला. वरच्या मजल्यावरच्या खिडक्यांवर ऊन पडलं होतं.

"त्या सगळ्या काचा याच गाडीतून आल्या," मिस्त्री म्हणाले. "मी मागे उभा राहून धरल्या होत्या. तुझा बाबा दर थोड्या वेळाने ओरडून विचारायचा, 'आहेत का?' मी म्हणायचो, 'काचा आहेत, मी मात्र पडलो.'"

मुलगी हसली. "मला कधी सांगितलं नाही त्यांनी."

"त्यात सांगण्यासारखं काय होतं? काम होतं ते."

पण मिस्त्रींना ते सगळं दिसत होतं. दवाखान्याचा दरवाजा, शिंप्याच्या दुकानाचा आरसा, वाचनालयाची खिडकी. अर्ध्या गावाला बाहेरचं दिसतं ते या माणसाने हळू गाडी चालवली म्हणून. एवढ्या वर्षांत एकच काच फुटली होती, आणि तीही नेमकी घरची. दोस्ताने वहिनींसाठी, म्हणजे आपल्या बायकोसाठी आणलेला पुरुषभर उंचीचा आरसा. त्या दिवशी वहिनी म्हणाल्या होत्या, "लोकांचं धड पोचवते आणि माझंच फोडते. गाडी कसली, सवत आहे माझी." पुढे जन्मभर त्यांनी गाडीला दुसऱ्या नावाने हाक मारली नाही.

दवाखाना मागे पडला आणि गाडी आचके देऊ लागली. एक, दोन, मग शांत.

मिस्त्री खाली उतरले. फडकं अजून ओलं होतं. कॉइलवर हात ठेवला तर गार. त्यांनी हात तसाच ठेवला, जणू अजून थोडा वेळ धरला तर ती ऐकेल.

"कॉइल नाही," ते म्हणाले. "चुकलो मी."

त्यांनी पॉइंट पाहिले, वायरी हलवून पाहिल्या, कार्बोरेटरची नळी सोडली. नळीतून पेट्रोल यायला हवं, तर जेमतेम थेंब आला. टाकीत पेट्रोल आहे, पंप नवा आहे, नळी मोकळी आहे. मग अडतंय कुठे? पूर्वी असं कोडं पडलं की दोस्त फुटपाथवर बसून विडी पेटवायचा आणि म्हणायचा, "घाई नाही रे, काचा काही नासत नाहीत." मिस्त्री फुटपाथवर बसले. शेजारची जागा मोकळीच होती.

"पेट्रोलच संपलं नाही ना?" मुलीने विचारलं. काटा कित्येक वर्षांपासून मेलेला होता. तिने सीटमागची पेट्रोल मोजायची लाकडी पट्टी काढली, बापासारखीच मांडीवर पुसली, आणि मागे जाऊन टाकीचं झाकण फिरवलं.

टाकीने सुस्कारा सोडला. लांब, मोठा.

"थांब," मिस्त्री उठत म्हणाले. "काय आवाज आला तो?"

"हवा शिरली आत. नेहमी येतो हल्ली."

"आता झाकण न लावता चालू कर."

दोनचार वेळा किल्ली फिरवल्यावर गाडी चालू झाली. फडकं टाकीच्या तोंडावर सैल ठेवून दोघं थेट गावाबाहेरच्या नाक्यापर्यंत जाऊन आली. इंजिनाचा सूर एकदाही हलला नाही.

परत आल्यावर मिस्त्रींनी झाकण हातात घेतलं. गाडीसारखंच निळं, तुळतुळीत. त्यांनी नखाने मधोमध खरवडलं.

"इथे बारीक भोक असतं. बाटली तोंडाला घट्ट लावून पाणी पी, थोड्या वेळाने येईनासं होतं की नाही? तसंच हे. पेट्रोल बाहेर जातं, तेवढी हवा आत यायला पाहिजे. भोक बुजलं की पंप ओढून ओढून दमतो. थोडा वेळ थांबलं की कुठून तरी हवा झिरपते, म्हणून परत चालू. रंगाने बुजलंय. कुठल्या पेंटरने झाकणसुद्धा सोडलं नाही?"

मुलीने झाकणावरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "आईने."

"वहिनींनी?"

"बाबा गेल्यावर. रोज सकाळी अंगणात बसून ब्रशने रंगवायची. मला हात लावू दिला नाही. एक हात झाला, वाळला, मग दुसरा हात. झाकण तर घरात आणून मांडीवर घेऊन रंगवलं." तिने डोळे पुसले नाहीत, नुसती मान वळवली. "मी विचारलं, सवतीचे एवढे लाड कशाला? तर म्हणाली, आता भांडायला तिच्याशिवाय आहे कोण?"

मिस्त्रींनी पेटीतून दाभण काढला. भोक मोकळं केलं, एवढं जपून की आजूबाजूच्या रंगाचा टवका उडाला नाही.

घरी पोचले तेव्हा मधमाश्यांच्या पेट्या वाहणारं गिऱ्हाईक अंगणात येऊन थांबलं होतं. वहिनी पायरीवर बसल्या होत्या. गाडी थांबली तशा त्या उठल्या.

"सापडलं का भावजी?"

"सापडलं. कचरा अडकला होता नळीत."

"कचराच ना?" वहिनींनी त्यांच्याकडे रोखून पाहिलं. "मी रंग दिला आणि तेव्हापासूनच बंद पडायला लागली. मला आपलं वाटत होतं, माझ्याच हाताने काहीतरी झालं."

मुलगी जमिनीकडे पाहत होती.

"रंगाने कधी इंजिन बंद पडतं का वहिनी?" मिस्त्री म्हणाले. "रंगाने तर ती दहा वर्षांनी तरणी दिसायला लागली."

वहिनींचे खांदे जरा सैल झाले. आत जाऊन त्या रंगाचा उरलेला डबा घेऊन आल्या आणि गिऱ्हाइकाला दिला. "ओरखडा पडला तर लावायला. हाच रंग पुन्हा मिळेलच असं नाही."

गिऱ्हाईक सीटवर बसलं. चोक किती ओढायचा, चढावर काय करायचं, हे मिस्त्रींनी त्याला समजावलं. मग खिडकीशी वाकून हलक्या आवाजात सांगितलं, "रंग द्या खुशाल. फक्त टाकीच्या झाकणाला लावू नका." आणि जरा मोठ्याने, "खड्डा आला की सावकाश. तिला दणक्यांची सवय नाही."

गाडी फाटकातून बाहेर पडली. कोपऱ्यावर एकदा ब्रेकचे दिवे लागले आणि ती वळली. तिघं उभी होती. आधी वहिनी वळल्या. त्यांनी नळाखाली बादली ठेवली आणि साबणाची वडी मिस्त्रींपुढे धरली.

"हात धुवा भावजी. केवढे काळे झालेत."

मिस्त्रींनी तळवे धुतले, मनगटं धुतली. नखांच्या कडांना काळी रेघ राहिली होती, त्यात कुठे कुठे निळाही कण होता. वहिनी घासणी देऊ लागल्या.

"असू द्या," ते म्हणाले. त्यांनी पेटी उचलली आणि ओले हात तसेच वाळू देत ते घराकडे चालू लागले.