हनुवटीचा टाका

माझा मुलगा अश्विन बी.कॉम. झाला, वाशीला ऑफिसात चिकटला आणि तेव्हापासून घरात आपल्याशिवाय कुणाला अक्कल नाही, असं त्याचं ठाम मत झालं. पुढचं सगळं ह्या दीडशहाणपणातून घडलं.

ह्यांना, म्हणजे माझ्या नवऱ्याला, दोन वर्षं दम्याची औषधं चालू होती. शेवटी कोपरखैरण्याच्या घराचा जिना चढताना घशातून शिट्टी वाजायला लागली, तेव्हा मोठ्या डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं. श्वासनळीतच गाठ निघाली. अश्विन एकटाच डॉक्टरांच्या खोलीत गेला. बाहेर आल्यावर म्हणाला, "छोटी गाठ आहे, काढून टाकतील. टेन्शन घेऊ नका."

"धोका काय हाय?" ह्यांनी विचारलं.

"काय नाय हो बाबा."

कागदांवर सहीही त्यानेच ठोकली.

ऑपरेशननंतर मी बघते तर ह्यांची हनुवटी जाड दोऱ्याने छातीला शिवलेली. मान खाली, नजर पोटावर. सिस्टर येता-जाता दटावायची, "मान वर करायची नाही हं!" का, ते कुणी सांगेना. अश्विनला विचारलं तर म्हणे टाके ओले आहेत, आठवडाभर असंच राहायचं.

ह्यांचे वडील महाडकडच्या गावात खोताच्या दारावरून चपला हातात घेऊन, मान खाली घालून जायचे. ते बघत हे वाढले. तुर्भ्याच्या कारखान्यात युनियनचं काम करताना हे कुणापुढे वाकले नाहीत, जिथे थोडं वाकून चाललं असतं तिथेही नाही. असा माणूस त्या खाटेवर बसून रडला. घोगऱ्या आवाजात मला म्हणाले, "चांगुणे, ह्या लोकांनी मला बांधून घातलाय गं." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

तशात हौसेराव टपकला. कारखान्यातला सुपरवायझर, ह्यांचा जुना वैरी. अर्धा डझन केळी घेऊन खाटेच्या पायथ्याशी उभा राहिला आणि हसला. "झुकला का शेवटी सिताराम? कंपनीला जमलं नाय ते डॉक्टरला जमलं!"

ह्यांनी हिसका देऊन मान वर केली. दोऱ्याने कातडी फाडली, छातीवर रक्त आलं. त्याच्या डोळ्याला डोळा भिडवून म्हणाले, "चालता हो."

खरं सांगते, मला बरं वाटलं. मी त्याची केळी त्याच्या हातात कोंबली आणि त्याला दारापर्यंत घालवून आले. परत येते तर ह्यांना खोकल्याची उबळ आलेली आणि मान फुगत चाललेली. हात लावला तर कातडीखाली हवा चुरचुरत होती. मी बोंब मारली.

डॉक्टर आले ते माझ्यावरच ओरडले. "बाई, मी तुमच्या मुलाला चित्र काढून समजावलं होतं! दोन इंच नळी कापलीय, उरलेली टोकं ओढून जोडलीत. मान वर गेली की जोड उसवतो, माणूस दगावू शकतो. म्हणून तो दोरा. हे पेशंटला माहीत नाही?"

मी अश्विनकडे बघितलं. तो भिंतीला टेकून उभा होता. "बाबा खचले असते, आई."

"खचले असते! पन मान खाली घालून जगले तर असते!" मी सगळ्या वॉर्डासमोर त्याच्या कानफटात दिली. पोराचा बापावर जीव होता, हे मला ठाऊक आहे. तरी दिली.

परत ऑपरेशन करायचं ठरलं. कागद आला तसा अश्विनने पुन्हा पेन काढलं. मी ते हिसकावलं. "आधी त्यांना सांगा."

डॉक्टर खाटेवर बसले आणि त्यांनी सगळं सांगितलं. जोड पुन्हा शिवायचा, धरला नाही तर गळ्यात नळी ठेवायची. आवाज राहील की नाही सांगता येत नाही, जिवाचीही खात्री नाही. आणि हे नाही केलं तर मरण ठरलेलंच. ऐकता ऐकता ह्यांनी आपणहून हनुवटी छातीला लावली आणि दोन्ही हातांनी स्वतःचं डोकं खाली दाबून धरलं. एवढंच तर हवं होतं, आणि ते ह्यांनी कुणी न बांधता केलं.

सहीपुरता एक हात सोडला. मग मला विचारलं, "तुला म्हाईत होतं?"

"नाय."

"बरं," म्हणाले, आणि आत गेले.

हे वाचले. जोड मात्र पुरता धरला नाही. गळ्यात नळी बसली, श्वास तिच्यातून. नळीच्या तोंडावर बोट ठेवलं की आवाज निघतो, खरखरीत, पण समजतो. बोट ठेवून हे माझ्याकडे चहा मागतात, दूधवाल्याशी भांडतात, युनियनची पोरं आली की त्यांना शिव्या घालतात.

अश्विन रोज ऑफिसातून आला की आधी ह्यांच्याजवळ बसतो. "बाबा, आज कसं वाटतंय?"

हे त्याच्याकडे बघत राहतात. हात मांडीवरून उचलत नाहीत.