कोपर हललं की बटण

काचेपलीकडच्या बाईंचं कोपर हललं. त्याने मनात दोन अंक मोजले आणि बटण दाबलं. बाईंच्या टेबलावर हिरवा दिवा लागला.

असं बराच वेळ चाललं. मग श्रवण तपासणाऱ्या त्या बाई जाड दार उघडून आत आल्या आणि त्याच्या कानांवरचे हेडफोन त्यांनी उतरवले.

"काका, शेवटचे चार आवाज मी सोडलेच नव्हते. नुसतं कोपर हलवलं."

तो अठ्ठावीस वर्षं तोफखान्यात काढून सात महिन्यांपूर्वी घरी आला होता. अजूनही खुर्चीला पाठ टेकत नसे. बाई बोलताना तो त्यांच्या डोळ्यांकडे नाही, ओठांकडे बघत होता.

"कुणी शिकवलं हे?"

"सगळ्यांनाच येतं. जुने नव्यांना शिकवायचे. कान गेले असं कळलं की तोफेवरून उचलून कोठारात बसवायचे, मोजे मोजायला."

"आणि तुम्ही दरवर्षी पास."

"एकदाही चुकलो नाही." तो जरासा हसला.

फाइलमध्ये तेच होतं. अठ्ठावीस वर्षं एकच शेरा, श्रवण उत्तम. निवृत्तीच्या दिवशीचाही तोच. आता माजी सैनिकांच्या मदत केंद्राने त्याला कानाच्या यंत्रासाठी इथे पाठवलं होतं. कान खराब असल्याचं कागदावर आलं तरच यंत्र मिळणार होतं.

"इथे नापास व्हायला आलात तुम्ही, काका. अशी परीक्षा जन्मात एकदाच येते."

"माझे कान ठीक आहेत. हिच्या हट्टापायी आलो."

'ही' बाहेर बाकावर बसली होती. तपासणीआधीच तिने बाईंना बाजूला घेऊन सगळं सांगितलं होतं. महिन्यापूर्वी सासू-सुना तासाभरासाठी बाहेर गेल्या होत्या. तीन वर्षांच्या नातीची बोटं दाराच्या बिजागरीत अडकली. हा पलीकडच्या खोलीत दाराकडे पाठ करून वर्तमानपत्र वाचत होता. सुनेला 'आबा, आबा' खालच्या जिन्यात ऐकू आलं, म्हणून त्या धावल्या. दोन बोटांची पेरं गेली.

"तेव्हापासून सून पोरीला यांच्यापाशी ठेवत नाही. म्हणते, लक्षच नव्हतं आबांचं. लक्ष कसलं, यांना ऐकूच येत नाही. पण कबूल करतील तर शपथ. एकच पालुपद, पोरीने हाक मारलीच नाही."

बाईंनी हेडफोन पुन्हा त्याच्या कानांवर चढवले आणि खुर्ची फिरवली. आता त्याच्यासमोर नुसती भिंत होती.

वीस मिनिटं गेली. दिवा मोजून सात वेळा लागला.

हेडफोन उतरवून, खुर्ची परत वळवून बाई कागद घेऊन त्याच्यासमोर स्टूलावर बसल्या. कागदावरची रेघ डावीकडे जरा सपाट होती, मग कड्यावरून कोसळावी तशी खाली गेली होती.

"जितकं खाली तितका आवाज मोठा. रेघेच्या खाली आहे ते तुम्हाला ऐकू येतं. ट्रकची घरघर, दार आपटलेलं. वरचं येत नाही."

त्याने कागद हातात घेतला. नकाशा वाचावा तसा बराच वेळ बघत राहिला.

"लहान मूल कुठे येतं यात?"

बाईंनी पेन्सिलीचं टोक ठेवलं. रेघेच्या पुष्कळ वर.

"रडणारं?"

पेन्सिल खाली सरकली. तरी रेघेपर्यंत पोहोचली नाही.

"पंखा चालू होता त्या दिवशी," तो म्हणाला.

बाईंना हो म्हणता आलं असतं. "पंख्याने फरक पडला नसता, काका."

त्याने कागदाची घडी घातली, उघडली, पुन्हा घातली.

"म्हणजे मारली असेल हाक."

बाईंनी पेन्सिल खाली ठेवली.

"एकदा लावा तो आवाज. तिच्याएवढा."

"काका, कशाला?"

"लावा."

हेडफोन न घालताच त्याने स्वतःच खुर्ची भिंतीकडे फिरवली आणि बटण हातात घेतलं. बाईंनी आवाज खोलीतल्या स्पीकरवर घेतला.

"दार लावून घेऊ का?" त्यांनी दारातून विचारलं.

पाठीने उत्तर दिलं नाही. दार तसंच उघडं राहिलं.

बाईंनी आवाज सोडला. बारीक, उंच. दोन अंक थांबून पुन्हा सोडला.

बाहेर बाकावर बसलेल्या त्याच्या बायकोने मान वर करून दाराकडे पाहिलं.

आत त्याची पाठ ताठ होती. अंगठा बटणावर तयार होता.

बाईंनी तिसऱ्यांदा आवाज सोडला आणि दिव्याकडे बघत बसल्या.