तिसऱ्या झाडाचे नऊ गुण

ज्याचा न्याय करायचा त्याचं नाव न्याय करणाऱ्याला कधीही माहीत असू नये, या एका तत्त्वावर जगातला सगळा प्रामाणिकपणा उभा आहे. निदान परीक्षकांच्या घरात तरी तो उभाच होता. त्याला बसायला कुणी खुर्ची दिली नव्हती.

परीक्षकांनी एकतीस वर्षं उत्तरपत्रिका तपासल्या होत्या. नावावर चिकटवलेला कागद त्यांनी एकदाही नखाने उचकटून पाहिला नव्हता. निवृत्तीनंतर तपासायला कुणी उरलं नाही. लेक नोकरीसाठी लांब राहत होती आणि बायको तपासून घ्यायला तयार नव्हती. तेव्हा ते घरामागच्या बागेकडे वळले. तुतीचे पुष्कळ वाण असतात, असं कुणीतरी बोलता बोलता म्हणालं. जिथे पुष्कळ असतात तिथे पहिला-दुसरा आलाच, आणि पहिला-दुसरा आला की परीक्षक आलेच.

चार ठिकाणांहून चार रोपं आणली. प्रत्येक ठिकाणी त्यांनी एकच अट घातली, "वाणाचं नाव सांगायचं नाही. पिशवीवरची चिठ्ठीही काढून टाका." तिघांनी खांदे उडवले आणि चिठ्ठी काढली. उरलेली, म्हणजे क्रमाने तिसरी, नर्सरी एका बाईंची होती. त्या काहीतरी सांगायला गेल्या, तर परीक्षकांनी हात वर केला. वर्गात केला असता तसाच. बाई गप्प बसल्या.

रोपांना आणलेल्या क्रमाने क्रमांक मिळाले, एक ते चार. गुणपत्रिकाही तयार झाली: रंग पंचवीस, गोडी पंचवीस, आकार पंचवीस, टिकाऊपणा पंधरा आणि शिस्त दहा. झाडाची शिस्त म्हणजे काय, असं बायकोने विचारलं होतं. ज्याला शिस्त कळत नाही त्याला ती सांगून कळत नाही, असं उत्तर तिला मिळालं. तिने ते इतर उत्तरांच्या शेजारी ठेवून दिलं.

पहिलं, दुसरं आणि चौथं झाड गुणी निघालं. फळं आधी हिरवी, मग लाल, मग काळी. काळी झाली की परीक्षक ती मोजून तोडत, पट्टीवर ठेवून लांबी घेत, एक खात, डोळे मिटत आणि आकडा लिहीत. तिसरं झाड मात्र मठ्ठ होतं. त्याची फळं हिरवी व्हायची, मग फिकट पडायची, आणि तिथेच अडकायची. लालही नाहीत, मग काळी तर सोडाच. परीक्षकांनी एक वर्ष वाट पाहिली. दुसऱ्या वर्षी खत वाढवलं. तिसऱ्या वर्षी ते रोज सकाळी चहाचा कप घेऊन त्या झाडासमोर उभे राहायचे. पाढा विसरलेल्या मुलासमोर माणूस जसा उभा राहतो तसे. झाड काही बोललं नाही.

तीन वर्षांनी अहवाल लिहून झाला, अकरा पानी. 'तुतीच्या चार वाणांचा तुलनात्मक अभ्यास'. तिसऱ्या क्रमांकाला रंगात शून्य, गोडी, आकार आणि टिकाऊपणात 'फळ न पिकल्याने परीक्षा घेता आली नाही', आणि एकूण शंभरपैकी नऊ. हे नऊ शिस्तीचे होते, कारण या झाडाच्या गळलेल्या फळांनी फरशीवर डाग पडत नाहीत. दहावा गुण त्यांनी कापला, कारण पैकीच्या पैकी ते कुणालाच देत नसत. शेवटच्या पानावर एक शिफारस होती: असं न पिकणारं वाण गिऱ्हाइकाच्या गळ्यात मारणाऱ्या विक्रेत्यांबाबत मंडळाने फेरविचार करावा.

मंडळ म्हणजे त्या भागातल्या बागप्रेमींचं मंडळ. त्याच्या चिटणिसांना अहवाल वाचायची आवड नव्हती, पण शिफारशींची होती. वर्षातून एकदा मंडळाचा रोपमेळा भरायचा. दाराजवळचं टेबल इतकी वर्षं नर्सरीवाल्या बाईंकडे असे. त्या वर्षी ते प्लॅस्टिकच्या कुंड्या विकणाऱ्याला मिळालं. परीक्षकांनी मेळ्यात जाऊन एक कुंडी घेतलीही. न्याय झाल्यासारखं वाटलं.

पुढच्या बहरात एक दिवस शेजारच्या वहिनी कुंपणापाशी आल्या. त्यांच्या हातात रिकामी वाटी होती.

"भाऊजी, ही द्यायची राहिली होती. आणि तुतीसाठी थँक्यू हं. आमच्याकडे सगळे तुटून पडले."

"तुती?" परीक्षकांनी आठवून पाहिलं. त्या आठवड्यातली सगळी फळं मोजलेली होती. "कुठल्या क्रमांकाची?"

"क्रमांक मला काय माहीत! ती पांढरी हो. काळ्यांनी हात माखतात, ही बरी. आणि गोड म्हणजे किती! आमचे हे म्हणाले, जन्मात अशी खाल्ली नाही. दर वर्षी वाट बघतो आम्ही."

"दर वर्षी?" परीक्षक म्हणाले.

वहिनी गेल्या. परीक्षक वाटी हातात धरून तिसऱ्या झाडाकडे गेले. बोटभर लांब, फिकट, मेणासारखी फळं लोंबत होती. मठ्ठ. त्यांनी एक तोडलं. देठापाशी जोर लावावाच लागला नाही. हात लावताच ते हातात आलं, जणू तीन वर्षं त्यांचीच वाट पाहत होतं. त्यांनी ते तोंडात टाकलं आणि सवयीने डोळे मिटले.

डोळे उघडायला त्यांना जरा वेळ लागला. फळ गोड होतं म्हणून नव्हे. ते गोड होतंच. बाकीच्या तिघांना ते बाहेर बाकावर उभं करील इतकं गोड. पण डोळे उघडले तर समोर झाड दिसणार होतं.

स्वयंपाकघरात बायको शेंगा सोलत होती.

"तिसरं झाड पिकतं," परीक्षक म्हणाले.

"हो."

"तुला माहीत होतं?"

"अहो, मी त्याच्याखाली उभी राहून खाते. माहीत नसायला काय झालं?"

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्हीच म्हणालात ना, कुणी काही सांगायचं नाही, माझं मत बिघडेल? पहिल्या वर्षी मी नुसतं 'अहो, ते तिसरं' म्हटलं, तर केवढे ओरडलात!" तिने एक शेंग मोडली. "आणि खरं सांगू का, तुम्ही त्याला नापास केलंत म्हणून ते आमच्या वाट्याला आलं. बाकीच्या झाडांना हात लावायची सोय आहे का? एकदा एक काळं फळ उचललं, तर म्हणालात, नमुना बिघडवलास."

"पण अहवाल? अहवाल तर तू वाचला होतास!"

"वाचायला कुठे दिला होता? शुद्धलेखन तपासायला दिला होता. शुद्धलेखन बरोबर होतं."

परीक्षक स्टुलावर बसले. शरम ही त्यांना नवीन गोष्ट होती. ती ते आजवर दुसऱ्यांना द्यायचे, लाल शाईने, समासात. स्वतःच्या अंगावर ती कुठून चढते हे त्यांना ठाऊक नव्हतं. ती कानांपासून चढते. एकतीस वर्षांतल्या उत्तरपत्रिकांचा विचारही मनात डोकावून गेला. तो त्यांनी दारातूनच परत पाठवला. एका दिवसाला एक झाड पुरे होतं.

"त्या बाईंचं टेबल गेलं," ते म्हणाले.

"हो, गेलं," बायको म्हणाली. आणि मग, जरा हलक्या आवाजात, "तेव्हा मात्र मी बोलायला हवं होतं. चुकलंच माझं."

हे ऐकून त्यांना थोडं हलकं वाटलं, आणि तेवढं हलकं वाटल्याची आणखी लाज वाटली.

दुसऱ्या दिवशी ते नर्सरीत गेले. वाटेत त्यांनी माफीचं एक वाक्य तयार केलं. त्यात तीन उपवाक्यं होती आणि 'अनवधानाने' हा शब्द होता. नर्सरीत हिरव्या जाळीखाली बाई खाली बसून काळ्या पिशव्यांत माती भरत होत्या. कोपरापर्यंत हात मातीत होते. परीक्षकांना पाहून त्यांनी हात थांबवला नाही.

"या सर. आता कुठलं नापास झालं?"

वाक्य गेलं ते गेलंच. "मी झालो," परीक्षक म्हणाले. "ती तुती पिकते."

"पिकते की. पांढरी आहे ती. पांढरीच पिकते. मी तुम्हाला सांगत होते, तर तुम्ही असा हात केलात." बाईंनी मातीचा हात वर करून दाखवला. नक्कल फार चांगली होती.

"मी कुणाचंच नाव ऐकून घेत नाही. पक्षपात होतो."

"तसं नाही झालं मात्र," बाई म्हणाल्या. "तुमच्या पद्धतीत पक्षपात झाला नाही, हे मानलं मी."

परीक्षकांनी जाळीपलीकडे पाहिलं. "तुमचं मूळ झाड कुठे आहे? त्या कोपऱ्यात होतं ना?"

"तोडलं."

"का?"

"लोक यायचे. यायचे आणि विचारायचे, 'हीच का ती न पिकणारी?' मी म्हणायचे, खाऊन बघा. तर म्हणायचे, 'नको, कच्ची बाधेल.' किती जणांना समजावणार? शेवटी एक जण आला, तो तुमच्या अहवालाचं पानच घेऊन आला. त्याला पाठवून दिलं आणि कुऱ्हाड मागवली." बाईंनी पिशवी जमिनीवर आपटून माती बसवली. "रडले बिडले नाही हो. जागाही हवीच होती. पण आता कुणी मागितली तर पांढरी नाही माझ्याकडे. माझ्या वडिलांनी लावलेली होती."

हे शेवटचं वाक्य त्या आधीच्याच सुरात बोलल्या, म्हणून परीक्षकांना ते ऐकू यायला थोडा वेळ लागला. ऐकल्यावर कुठे बघावं ते कळेना, म्हणून त्यांनी पाण्याच्या झारीकडे पाहिलं.

"माझं झाड त्याच झाडाचं आहे," ते म्हणाले. "काड्या देतो. पाहिजे तितक्या."

बाईंचा हात पहिल्यांदा थांबला. "आता नकोत. बहर सरला की छाटणी कराल, तेव्हा द्या. जून काड्या, पेन्सिलीएवढ्या. डझनभर द्या, त्यातल्या दोन-चार जगतील. आणि सर..."

"बोला."

"मंडळात हे सांगाल का? मला सांगून काय उपयोग? मला माहीतच होतं."

मंडळाच्या सभेत ते उठून उभे राहिले. चिटणीस म्हणाले की हा विषय आजच्या यादीत नाही. परीक्षक म्हणाले, नसू दे. "मी चुकलो," ते म्हणाले. "तिसऱ्या क्रमांकाची तुती उत्तम आहे. ती पिकल्यावर पांढरीच राहते. मी तीन वर्षं ती काळी व्हायची वाट पाहिली. ज्यांनी रोप दिलं त्या मला सांगत होत्या, मी ऐकलं नाही. त्यांचं टेबल माझ्यामुळे गेलं. त्यांचं झाडही माझ्यामुळे गेलं."

क्षणभर शांतता पसरली. परीक्षकांना ती शांतता बरी वाटली. ती रास्त होती. तेवढ्यात मागून एक काका म्हणाले, "मग आता गुण किती?"

"गुणांचा प्रश्न नाही."

"असं कसं? सुधारित निकाल नको का लावायला?"

मग कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच. चूक कबूल करायला केवढं मोठं मन लागतं, असं चिटणीस म्हणाले, आणि आजच्या काळात अशी माणसं दुर्मीळ झाल्याचंही त्यांनी नमूद केलं. परीक्षकांना एक छोटंसं रोप भेट देण्यात आलं. ते कुंड्यावाल्याच्या कुंडीत होतं.

"आणि टेबल?" परीक्षकांनी टाळ्यांतून विचारलं.

"ते पुढच्या वर्षीही कुंड्यावाल्यांकडेच आहे. दोन वर्षांचं ठरलंय. त्यापुढे बघू," चिटणीस म्हणाले, आणि चहा आला.

घरी येताना परीक्षकांनी ती कुंडी पिशवीत तळाशी ठेवली आणि वर वर्तमानपत्र टाकलं. इतकी वर्षं त्यांची फजिती कुणी केली नव्हती. आणि आता फजिती व्हायला हवी होती, तर सत्कार झाला होता. बायकोने विचारलं, "काय म्हणाले?" ते म्हणाले, "पास केलं." ती हसली नाही, हे तिचं चांगुलपण.

बहर सरला. परीक्षकांनी चारही झाडांची पानं ओरबाडून काढली, फांद्या छाटल्या आणि छाटणीच्या क्रमाने चार ढीग भिंतीलगत नीट लावले. पानं उतरली की तुतीची काडी ही तुतीची काडी असते. कुणाची कुठली, हे तिच्याकडे पाहून कळत नाही. त्यांनी तिसऱ्या ढिगातून पेन्सिलीएवढ्या जाडीच्या बारा काड्या निवडल्या, टोकं तिरकी कापली आणि ओल्या फडक्यात गुंडाळायला घेतल्या. हे काम ते कधी नव्हे इतक्या मनापासून करत होते.

बायको मागच्या दारात आली. "अहो, ढीग कुठल्या बाजूने मोजलेत?"

"म्हणजे?"

"झाडं आपण घराकडून मोजतो. तुम्ही छाटत आलात ते कुंपणाकडून. मला वाटतं, पांढरीचा ढीग तुमचा तिसरा नाही, दुसरा. दाखवू का?"

"माझी झाडं मला कळतात."

"मी त्याच्याखाली उभी असते हो रोज."

"म्हणूनच," परीक्षक समजावणीच्या सुरात म्हणाले. "तुझा ओढा त्या झाडाकडे आहे. अशा वेळी तिऱ्हाइताने बघितलेलं बरं."

त्यांनी काड्या स्वतः नेऊन दिल्या. बाईंनी फडकं सोडलं, एकेक काडी बोटांत फिरवून पाहिली आणि म्हणाल्या, "चांगल्या आहेत, सर." परीक्षकांनी मान खाली घातली. त्या दिवशी कितीतरी महिन्यांनी त्यांना नीट जेवण गेलं.

बारांपैकी चार काड्या जगल्या. पुढच्या वर्षी चौघींनाही फळं धरली. काळी.