भाऊजींचा ग्रह

भाऊजींना ग्रह सापडला होता, आणि तेव्हापासून ते जिना उतरतानासुद्धा हनुवटी वर धरून उतरत.

त्यांची मेहुणी त्यांच्याच हाताखाली काम करी. जवळच्या एका ताऱ्याभोवती धुळीचं कडं होतं. त्यातले दगड एकमेकांवर आदळत, त्यांचे खडे होत, खड्यांची भुकटी होई, आणि फारच बारीक झालेल्या भुकटीला ताऱ्याचा प्रकाश बाहेर ढकलून देई. ही सगळी आदळआपट संगणकावर मांडायची, हेच दोघांचं काम. भाऊजींच्या आलेखात एका ठरावीक जाडीचे कण भलतेच वाढलेले दिसले. त्यांना कुणीतरी अडवून धरलंय, म्हणजे ग्रहच, असं ठरवून भाऊजी मोकळे झाले. शोधनिबंध आज संध्याकाळी छापायला जायचा होता. त्यावर मेहुणीचंही नाव होतं.

ती त्यांच्या खोलीत गेली.

"भाऊजी, गणित लवकर उरकावं म्हणून तुम्ही एका मापाखालच्या बारीक धुळीला हिशोबातून कात्री लावलीत. मग त्याहून जरा जाड कणांवर आदळून त्यांना फोडणार कोण? ते साचणारच. मी कात्री सरकवून पाहिली, तर तुमचा ग्रहही मागोमाग सरकला."

"सरकेना का! ग्रह फिरतातच." भाऊजी खिडकीच्या काचेत बघून कॉलर नीट करत होते.

"म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं?"

"अगं, धूळ म्हटलं की लोक झाडू शोधतात. ग्रह म्हटलं की खुर्च्या मांडतात. तुझ्या ताईने तर मैत्रिणींना सांगूनही टाकलंय."

चूक असती तर तिने पोटात घातली असती. घरी याच माणसाचा अभ्यास चालू असला की सगळे दबक्या आवाजात बोलत. तीही त्यांच्या दारावरून चवड्यांवर जाई. इतकी वर्षं आभाळाकडे बघूनही माणूस एवढा खुजा कसा राहतो, याचंच तिला नवल वाटलं. आणि मग शिसारी आली.

"माझं नाव काढा त्यावरून. आत्ता, माझ्यासमोर."

"डोकं फिरलंय का तुझं? ताईला काय सांगू?"

"तुम्ही नका तसदी घेऊ. मी सांगेन."

भाऊजींनी खांदे उडवले. तिचं नाव पुसायला त्यांना क्षणभरही लागला नाही. शेजारची जागा रिकामी झाल्यावर स्वतःचं नाव ओढून मधोमध आणायला मात्र बराच वेळ लागला. थोडं मोठंही केलं.

"शोभतंय," ती हळूच म्हणाली, आणि तिथेच उभी राहून तिने ताईला फोन लावला.