एकाच घाण्याचा दिवस

मी एक जुनं लाकडी उखळ आहे. मित्रांनो, माझ्यासारख्यानं आपली गोष्ट झाडापासून सांगायची असते, हे मला ठाऊक आहे. तीही सांगेन. पण आधी सांगावासा वाटतो तो फेब्रुवारीचा एक दिवस, ज्या दिवशी काहीच घडलं नाही.

आमचं दुकान मासळीबाजाराच्या गल्लीत, उजवीकडून तिसरं. दुकानात वड्या मिळतात. वाफवलेला चिकट तांदूळ कुटून कुटून लोण्यासारखा झाला, की त्याच्या वड्या करायच्या. कुणात लाल दाण्यांचं गोड पुरण, कुणावर भाजलेल्या सोयाबीनचं पीठ, कुणाला खारवलेल्या चेरीच्या पानाची गुंडाळी. मुलींचा सण चार दिवसांवर आला होता आणि ऑर्डरी इतक्या होत्या, की म्हाताऱ्या तोकुजींची मुलगी सातोए क्योतोहून मदतीला आली होती. तिथल्या एका ग्रंथालयात ती नोकरी करते. वय पन्नास. मी कोपऱ्यात होतो. माझ्यावर झाकण होतं, झाकणावर रिकामे खोके होते.

"पान उलटं गुंडाळतेस," तोकुजी म्हणाले. "शिरा बाहेरच्या बाजूला यायला हव्यात."

"गिऱ्हाईक शिरा बघतं का, बाबा?"

"नाही बघत. मी बघतो ना."

शेजारचा मासळीवाला गेंझो दारातून डोकावला. तो रोज दहा वाजता एक वडी फुकट खायला येतो आणि ती विकत घेतल्यासारखा उभा राहतो.

"काय गं सातोए, एवढी पुस्तकं वाचलीस, आणि एक पान गुंडाळता येईना?"

"गेंझोकाका, तुमचा बांगडा कालचा आहे हे मात्र मला न वाचता कळतंय."

तोकुजी हसले. त्यांचं हसू खोकल्यासारखं होतं, पटकन संपायचं. सकाळची चूल विझवून झाल्यावर दुपारी एका बाईनं थोड्याच ताज्या वड्या मागितल्या. एका घाण्यात भागलं असतं, पण तोकुजींनी मूठभर तांदूळ वेगळा वाफवून दुसरा घाणा यंत्रात टाकलाच.

"कशाला, बाबा? वाया जाईल."

"एका घाण्यावर चूल विझवायची नाही. माहीत आहे ना?"

तिला माहीत होतं. आमच्या धंद्यात एकच घाणा कुटतात तो फक्त मेलेल्या माणसासाठी.

संध्याकाळी दुकानाची फळकुटं लावताना त्यांनी विचारलं, जसं ती येईल तेव्हा विचारायचे, "थंडीत बोट दुखतं का गं?"

तिच्या उजव्या हाताची करंगळी वाकडी आहे. शेजारचं बोटही पुरतं मिटत नाही.

"नाही, बाबा." मग फडकं पिळून, "बाबा, त्या दिवशी..."

"कुठल्या?"

ती ओल्या फडक्यानं फळी पुसत राहिली. "काही नाही. उद्या सांगते."

"उद्या सांग. उद्या हिरव्या वड्याही करायच्या आहेत, लवकर ऊठ."

दुसऱ्या दिवशी पाच वाजता चूल पेटली नाही. साडेपाचला सातोए जिना उतरून खाली आली, तिनं अंधाऱ्या चुलीकडे पाहिलं आणि पुन्हा वर गेली. मी तिची वर जाणारी पावलं ऐकली. मग पुष्कळ वेळ काहीच ऐकू आलं नाही.

आता झाडाकडे जाऊ.

मी केयाकीचं झाड होतो, एका देवळामागच्या टेकडीवर. वादळात पडलो. तोकुजींच्या आजोबांनी माझा बुंधा विकत घेतला, तीन वर्षं सावलीत वाळवला आणि मग एका सुतारानं एक आख्खा हिवाळा मला आतून कोरलं. त्यानं माझ्या तळाला तळहात फिरवला आणि म्हणाला, "हे नातवंडांना पुरेल." माझं कौतुक म्हणाल तर एवढंच. पण मी ते जपून ठेवलं आहे.

कुटायला दोन माणसं लागतात. एक जण लांब दांड्याची लाकडी मोगरी उचलतो. दुसरा माझ्याजवळ गुडघ्यावर बसतो, पाण्यात हात बुडवतो, दोन घावांच्या मधल्या क्षणात गोळा आत दुमडतो, हात बाहेर काढतो आणि म्हणतो, "हां." मग घाव पडतो. घाव घालणारा हाताकडे बघत नाही. बघत बसला तर लय जाते. तो फक्त 'हां' ऐकतो. तेवढ्या एका शब्दावर सगळं चालतं.

मोगरी तोकुजींची आणि 'हां' त्यांच्या बायकोचा, अशी तेवीस वर्षं गेली. इतोबाई बोलताना अडखळायच्या, पण माझ्याजवळ बसल्या की त्यांचा 'हां' घड्याळासारखा यायचा. नववर्षाच्या आधी दिवसाला तीस-तीस घाणे निघत. माझ्या अंगातून वाफ यायची. गल्लीतली मुलं हात शेकायला माझ्याभोवती उभी राहायची. माझ्या आयुष्यातले ते चांगले दिवस.

मग एका शरद ऋतूत इतोबाई गेल्या.

सातोए एकोणीस वर्षांची होती. क्योतोच्या विद्यापीठात तिला प्रवेश मिळाला होता, वसंतात जायचं होतं. तोकुजी म्हणाले, "एक वर्ष थांब. तुझ्या आईच्या जागी कोण बसणार?" ते रागावले नव्हते. विनवलंही नव्हतं. फक्त विचारलं होतं. ती आईच्या जागी बसली.

अठ्ठावीस डिसेंबर होता. दुकानात गर्दी, गेंझो बाहेर बर्फावर ओरडून मासे विकत होता. अकरावा घाणा. तिनं पाण्यात हात बुडवला, गोळा दुमडला. आणि हात तिथेच राहिला. तो अडकला नव्हता, घसरलाही नव्हता. गरम गोळ्यावर, माझ्या तळाशी, तो थांबला. मग ती म्हणाली, "हां."

मी तो ऐकला. तोकुजींनीही ऐकला. बाहेरच्या कोणालाच ऐकू गेला नाही.

दोन बोटं मोडली. तोकुजींनी मोगरी खाली ठेवली ती पुन्हा माझ्यावर उचलली नाही. डॉक्टरांना, बहिणीला, गिऱ्हाइकांना, सगळ्यांना त्यांनी एकच वाक्य सांगितलं, "माझा घाव चुकला." वसंतात दुकानात विजेचं यंत्र आलं. तांदूळ टाकायचा, बटण दाबायचं. त्याला कोणाच्या हाताची गरज नव्हती, म्हणून सातोएचीही नव्हती. ती क्योतोला गेली. स्टेशनवर तोकुजींनी तिच्या हातात वड्यांचा डबा दिला आणि म्हणाले, "लिहिता येतंय ना त्या हातानं?"

मला कोपऱ्यात सरकवलं. त्या यंत्राचा मी कधी द्वेष केला नाही. ते इमानदार होतं, फक्त त्याला 'हां' कळत नव्हता.

बाजार मात्र विसरत नाही. कोणी हातोडी बोटावर मारून घेतली, की गल्लीत म्हणायचे, "तोकुजी केलास काय रे?" ते ऐकून तोकुजी मान खाली घालून हसायचे. एकतीस वर्षं हसत राहिले.

*

आमच्याकडे मानतात, की गेलेला माणूस एकोणपन्नास दिवस वाटेवर असतो. त्या वाटेसाठी शिदोरी म्हणून एकोणपन्नास लहान वड्या करतात, रोजची एक. वर एक मोठी, ती त्याच्या डोक्यावरची टोपी. तोकुजींनी गावातल्या किती घरांसाठी ही शिदोरी केली असेल, मोजदाद नाही. आता त्यांची करायची होती.

एप्रिल अर्धा सरला होता. तोकुजींची थोरली बहीण, किनुआत्या, काठी टेकत दुकानात आली. चौऱ्याऐंशी वर्षांची, बोलायला तिखट.

"यंत्र कशाला पुसतेस?" तिनं सातोएला विचारलं.

"उद्याच्या वड्यांसाठी, आत्या."

"तोकुला यंत्रातली शिदोरी देणार? काढ ते उखळ."

"एकतीस वर्षं पडून आहे, आत्या. तडकलं असेल."

"काढ तर खरं."

सातोएनं खोके उतरवले. झाकण उचललं. माझ्या आत उजेड पडला. तिनं तळाशी हात फिरवला, मग पुन्हा फिरवला. एकही चीर नव्हती. लाकूड गुळगुळीत होतं, आणि त्याला जुन्या लाकडाचा कोरडा वास नव्हता.

"दर महिन्याच्या एक तारखेला," किनुआत्या म्हणाली, "पाणी भरायचा, दिवसभर ठेवायचा, उपसून पुसायचा, सावलीत वाळवायचा. मी म्हटलं, 'तोकु, आता कोण कुटणार आहे त्यात? पाण्याला काय काम नाही का दुसरं?' तर म्हणाला, 'असू दे. सातोएला कधी वाटलं तर.'"

सातोएनं घागर आणली आणि मला काठोकाठ पाणी भरलं.

मित्रांनो, माझ्यासारख्या वस्तू मागणं मागत नाहीत, पण आज मागतो. वापरात नसलेल्या वस्तूला महिन्यातून एकदा हात लावा. लाकूड एका दिवसात तडकत नाही. ते आतून वाळत जातं, आणि बाहेरून काही दिसत नाही. माझं तोंड केवढं तरी मोठं आहे, तरी मला बोलता येत नाही. तुम्हाला येतं. 'उद्या सांगते' म्हणून ठेवू नका.

दुसऱ्या दिवशी सकाळी मोगरी धरायला गेंझोला बोलावलं. तो दारातच अडला.

"मी माशांवर सुरी चालवणारा माणूस. आणि हात कोणाचा, हिचा? नाही बाबा. तोकुजीसारख्याचा चुकला, माझा काय भरवसा?"

"मी 'हां' म्हणेन तेव्हाच मारायचं, काका," सातोए म्हणाली.

"तेव्हाही म्हणाली असशीलच की."

सातोएचा चेहरा पांढरा पडला. पण गेंझो आपल्या बाह्या मागे सारत होता, त्यानं तो पाहिला नाही.

ती आईच्या जागी बसली. तांदूळ पडला आणि माझ्या अंगात एकतीस वर्षांनी वाफ शिरली. तिनं वाकडी करंगळी पाण्यात बुडवली, गोळा दुमडला, हात काढला. "हां." घाव. पुन्हा. "हां." गेंझो घाबरत मारत होता, घाव हलके पडत होते. तिनं मान वर केली नाही, पण दर वेळी हात आधी बाहेर आला आणि शब्द नंतर. एकदाही क्रम बदलला नाही. गोळा हळूहळू एकजीव झाला, चकाकायला लागला.

"दुसरा घाणा?" गेंझोनं सवयीनं विचारलं, आणि लगेच जीभ चावली.

"आज एकच," किनुआत्या म्हणाली.

चूल विझवली.

भटजी येऊन मंत्र म्हणून गेले. मग किनुआत्यानं सुरी घेतली आणि मोठी वडी कापली, आमच्याकडे कापतात तशी. डोकं, हात, धड, पाय, असा एक माणूस फळीवर तयार झाला. ज्याचं जे दुखतं, त्यानं तो तुकडा खायचा. गेलेला माणूस ते दुखणं सोबत घेऊन जातो.

"गुडघे माझे," आत्या म्हणाली. "दोन्ही. वाद नको."

"पाठ मला द्या," गेंझो म्हणाला. "आजच दुखायला लागली आहे."

आत्यानं उजवा हात कापला, कागदावर ठेवला आणि सातोएच्या पुढे सरकवला.

"हा तुझा. खा. त्यानं मोडला, आता तोच घेऊन जाईल. सगळ्या आयुष्यात माझ्या भावाचा एकच घाव चुकला, आणि तोही पोटच्या पोरीवर. मरेपर्यंत मान वर केली नाही त्यानं या गल्लीत."

गेंझो म्हणाला, "जाऊ द्या ना, आत्याबाई. आजच्या दिवशी कशाला?"

सातोएनं कागद उचलला. तुकडा अजून कोमट होता. तिनं तो तोंडाजवळ नेला आणि परत खाली ठेवला. मग ती उठली आणि माझ्याजवळ येऊन, आईच्या जागी, गुडघ्यावर बसली. माझ्या काठावर तिनं दोन्ही हात टेकले. समोरच्या भिंतीवर तोकुजींचा फोटो होता.

"त्यांचा घाव चुकला नव्हता, आत्या," ती म्हणाली.

"काय?"

सातोएनं आत्याकडे पाहिलं नाही. ती फोटोकडे बघत होती. आवाज मोठा नव्हता, पण दुकानाच्या दारापर्यंत ऐकू जाईल इतका स्पष्ट होता.

"बाबा, 'हां' मी म्हटलं होतं. हात आत ठेवून म्हटलं होतं. तुम्ही ऐकलं होतंत."