उर्कियाआपाचा काळा साबण

माझी थोरली जाऊ उर्कियाआपा हिच्यासारखा काळा साबण आमच्या डोंगरपायथ्याच्या गावात कुणालाच जमत नाही. हे मी म्हणत नाही, तीच म्हणते, आणि उठता बसता म्हणते. दुकानातला साबण गायब झाला आणि साखरेसाठी रांगा लागायला लागल्या, तेव्हापासून तर तिचं बोलणं आणखीच चढलं. मेंढीची चरबी साठवायची, कुंपणापाशी माजणारी अलाबोता वाळवून जाळायची, ही झाडं चाकवताच्याच जातीची, मग त्या राखेतून पाणी गाळून घ्यायचं आणि ते चरबीबरोबर मोठ्या कढईत दिवसभर घोटायचं. शेवटी मीठ टाकलं की साबण वर तरंगतो आणि मळी खाली राहते. मीठ नेमकं कधी टाकायचं ते आपा कुणाला दाखवत नाही. तेवढ्यापुरती मला चुलीपासून उठवून पाणी आणायला धाडते. माझे केस पिकले, अजून धाडते.

त्या साबणाने ती केस धुते, कोकरांची खरूज धुते, जिनाचं कातडं मऊ करते, बुटाची चेन अडकली तर तिच्यावरही तोच घासते. माझ्या तोंडाला लावायचा तेवढा राहिला आहे.

तिचा मुलगा येरसाइन गेल्या उन्हाळ्यात लोकर कापायचं यंत्र घेऊन खाली गवताळ माळावरच्या एका गावी गेला होता. तिथे ज्यांच्या घरी राहिला त्यांची मुलगी तोरगिन त्याच्या मनात भरली. मुलीच्या आईचाही होकार आला, तेव्हा कर्णफुलं घालायला आम्ही निघालो. आमच्यात मुलाच्या आईने आपल्या हाताने मुलीच्या कानात कर्णफुलं घातली की मुलगी त्या घरची झाली. मग लग्न केव्हाही होवो. जीप येरसाइनच चालवत होता. मागे आपा, मी आणि भेटीची थैली. थैलीत चांदीची कर्णफुलं, कापड, सुका मेवा आणि सगळ्यांत वर फडक्यात गुंडाळलेल्या साबणाच्या वड्या.

मुलीची आई नागिमा साधी, हळू बोलणारी बाई. चहा झाला, मांस झालं, शेजारपाजारच्या बायकाही अंगणात जमल्या. कर्णफुलं काढायची वेळ आली तशी आपाच्या अंगात आलं. म्हणाली, माझ्या सुनेचे केस आधी माझ्या साबणाने धुणार आणि मगच कानाला हात लावणार. असं करायची रीत कुठेच नाही. पण आपाला साबण दाखवायचा होता.

नागिमा म्हणाली, “मग पिंपातलं पाणी घ्या ना विहीणबाई. केसांसाठी आम्ही बर्फाचं वितळलेलं साठवून ठेवतो.”

“साठवलेलं शिळं पाणी कशाला? समोर विहीर आहे की.”

नागिमाने तोरगिनकडे पाहिलं. तोरगिनने किंचित मान हलवली, स्वतःच विहिरीचं पाणी आणून तापवलं आणि वेण्या सोडून आपापुढे वाकून बसली.

आपाने साबण घासला. फेस येईना. आणखी घासला. फेसाऐवजी केसांवर राखाडी, चिकट कण धरायला लागले. घंगाळातल्या पाण्यावर घाणेरडी साय आली. आपा घासत गेली तसतसा तो चिकटा वाढत गेला. आमच्याकडे बर्फाच्या ओढ्याच्या पाण्यात हाच साबण नुसता दाखवला तरी फेसाने हात भरतात. असलं काही तिने जन्मात पाहिलं नव्हतं. मीही नव्हतं.

“अगं, धुतले कधी होतेस शेवटचे?” आपा म्हणाली. तिचा आवाज मुळातच कुंपणापलीकडे जाणारा. “हे बघा, काय काय निघतंय हिच्या डोक्यातून!”

“परवाच धुतले होते,” नागिमा हळूच म्हणाली.

“तुमच्याकडे गेल्या हिवाळ्याला परवा म्हणतात वाटतं.”

मी आपाची बाही ओढली. तिने हात झटकला. वाकलेल्या तोरगिनचे कान लाल झालेले मला दिसत होते. ती पोर एक शब्द बोलली नाही, आणि तिच्या गप्प बसण्याचा आपाने कबुली असा अर्थ लावला. कर्णफुलं थैलीत परत गेली. जिला स्वतःचं डोकं स्वच्छ ठेवता येत नाही ती माझं घर काय ठेवणार, यंदाची लोकर कापून झाल्यावर बघू, असं आपा सगळ्यांसमोर म्हणाली. मला धरणीने पोटात घ्यावं असं झालं. येरसाइन फाटकापाशी आमच्याकडे पाठ करून जीपची काच पुसत होता.

उशीर झाल्याने मुक्काम तिथेच पडला. रात्री जेवताना आपाच्या डोक्याच्या पांढऱ्या रुमालावर रस्सा सांडला. हा रुमाल तिने खास या दिवसासाठी घरी धुऊन, इस्त्री करून आणला होता. सकाळी निघायच्या आधी डाग काढायला ती विहिरीवर गेली, मी पाणी ओढून दिलं. तिने साबण लावला आणि रुमालावर तोच राखाडी चिकटा धरला. तिने डाग नसलेलं दुसरं टोक घेतलं. तिथेही तेच.

मला राहवलं नाही. “आपा, हा रुमाल कधी धुतला होतात शेवटचा?”

तिने रुमाल पिळला. तिचा चेहरा रुमालापेक्षा पांढरा पडला. ती म्हणाली, “चल, निघू या. घरी पोचले की निरोप पाठवीन.”

“निरोप कुणाकुणाला पाठवणार? बोललात ते भर अंगणात.”

खूप वर्षांत मी तिला इतकं तोंडावर बोलले नव्हते. ती ओला रुमाल तसाच हातात घेऊन उठली आणि घरात गेली. सगळे चहाला बसले होते. आपा बसली नाही.

“माझं चुकलं,” ती म्हणाली. “पोरीचे केस स्वच्छ होते. तुमच्या पाण्यात माझा साबण नासतो.”

कुणालाच आश्चर्य वाटलं नाही.

“माहीत आहे, विहीणबाई,” नागिमा म्हणाली. “आमचं पाणी जड आहे. इथल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. पण पहिल्यांदा दारात आलेल्या माणसाच्या भेटीला नाव कसं ठेवायचं? तोरगिननेच मानेने खुणावलं, राहू दे.”

म्हणजे काल आपा बोलत होती तेव्हा अंगणातल्या प्रत्येक बाईला खरं काय ते माहीत होतं. आमचं हसं होऊ नये म्हणून ते सगळं घर स्वतःची बेअब्रू ऐकत बसलं होतं. आपाने थैलीतून कर्णफुलं काढली आणि ती तोरगिनच्या पुढे झाली.

तोरगिनने डोक्याला घट्ट फडकं बांधलं होतं. केसांतला चिकटा अजून सुटला नव्हता. तिने आपाचा हात हलकेच धरला आणि कर्णफुलांवर तिची मूठ मिटवली.

“तुमचा राग नाही, आपा. तुम्ही हे पाणी पहिल्यांदाच पाहिलंत.” मग तिने दाराकडे पाहिलं. दारात येरसाइन उभा होता. “गेल्या उन्हाळ्यात यांचेही केस असेच चिकटले होते. तुमच्याच साबणाने. मीच सोडवून दिले होते. आणि काल हे काच पुसत उभे राहिले.”

आपा मुलाकडे वळली. “तुला माहीत होतं?”

त्याने मान डोलावली.

“मग काल बोलला का नाहीस?”

“तू बोलत असताना आपल्या घरात कोण बोलतं, आई?”

आपाने कर्णफुलं परत थैलीत टाकली. काल मीही नुसती बाही ओढली होती, मीही त्याच घरात राहते. आम्ही कर्णफुलं घेऊन घरी आलो.